जीपमधलं लाल नळकांडं आणि अण्णांचा अडकित्ता

हॉलंडवर लिहायचं म्हणजे ट्यूलिपपासून सुरुवात करायची असते. माझी पंचाईत अशी की आम्ही निघालो तेव्हा ट्यूलिप संपून पाच महिने झाले होते, आणि जिथे गेलो तिथे ना पवनचक्की होती, ना कालवा, ना चीजचा बाजार. होता तो वाळूचा एक अजस्र खड्डा. माणसं तिथे सुट्टीच्या दिवशी, स्वखुशीने, धडधाकट गाड्या रुतवायला येतात आणि मग एकमेकांच्या गाड्या ओढून काढतात. याला इथे छंद म्हणतात. आमच्याकडे याला पावसाळा म्हणतात आणि तो फुकट असतो.

आम्ही म्हणजे तिघं. माझा नवरा मंदार, आइंडहोवनशेजारच्या बेस्ट नावाच्या गावात इंजिनिअर. ऑफिसात केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक शोधून काढतो. घरी त्याला मोज्याची जोडी सापडत नाही. दुसरी मी, केतकी. पुण्यात बँकेत होते, इथे माझ्या व्हिसावर ‘डिपेंडंट’ असं लिहिलंय आणि दिवसभर मी तेच करते. तिसरे माझे सासरे, अण्णा. कराडला लाल डब्याच्या डेपोत तेहतीस वर्षं मेकॅनिक होते. सासूबाई गेल्यावर पहिल्यांदाच, तीन महिन्यांसाठी ते आमच्याकडे आले होते.

पहिल्या आठवड्यात अण्णांनी घरातल्या तिन्ही सायकली उघडून परत जोडल्या. दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला आणि त्यांचा चेहरा उजळला. पण घरमालकाने कळवलं की हात लावू नका, माणूस येईल. माणूस नऊ दिवसांनी आला. ते नऊ दिवस अण्णा त्या ठिबकणाऱ्या नळासमोर खुर्ची टाकून बसले होते. मंदार रोज सांगायचा, “अण्णा, आयुष्यभर राबलात, आता आराम करा.” सहाव्या आठवड्यात अण्णा म्हणाले, “मंद्या, माझं तिकीट अलीकडं घे. हितं मला काय काम न्हाई.”

मंदारने सोमवारी फोन करून तिकीट बदलतो असं कबूल केलं. त्याला वाईट वाटलं, पण त्याला ऑफिस होतं. मला मात्र ते परवडणारं नव्हतं. दिवसभर त्या घरात आम्ही दोनच रिकामी माणसं होतो, आणि त्यातलं एक चाललं होतं. तेव्हा सोमवारच्या आधीच्या शनिवार-रविवारी काहीतरी करून अण्णांचं मन रमवायचं, असं मी ठरवलं. मंदारने उन्हाळ्यात एक जुनी लष्करी डिझेल जीप घेतली होती. तिला घेऊन जर्मन सीमेजवळच्या वाळूच्या खाणीत जायचं ठरलं.

शुक्रवार, वाटेत नायमेखन

नवरात्र चालू होतं. आमचे घट कराडला थोरल्या जावेकडे बसतात, त्यामुळे घर सोडायला अडचण नव्हती, पण अण्णांचा नऊ दिवसांचा उपास होता. मी डब्यात साबुदाण्याची खिचडी घेतली आणि ती बेस्टच्या घरीच ओट्यावर विसरले. हे नायमेखनला, वाल नदीचा लांबलचक पूल उतरल्यावर लक्षात आलं. मंदार माझ्याकडे बघायला लागला, मी नदीकडे.

पण देव पावला. पुलाखाली एक गाडीवाला कागदाच्या कोनात बटाट्याचे तळलेले लांब तुकडे विकत होता, आणि त्यावर ओतायला चक्क शेंगदाण्याची चटणी. इथे सगळं राष्ट्र हे खातं. अण्णांनी कोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “बटाटा आणि शेंगदाणा? लई धार्मिक माणसं दिसतात ही.” त्यांनी दोन कोन संपवले. त्या चटणीत लसूण असतो हे मला ठाऊक होतं. ते पाप मी माझ्या खात्यावर घेतलं आणि आज पहिल्यांदाच जाहीर करते आहे.

खाऊन झाल्यावर अण्णांनी चंची सोडली, अडकित्त्याने सुपारी कातरली आणि जीपच्या मागच्या बाजूला वाकून पाहिलं. तिथे सामानाच्या मागे आगविझवं, म्हणजे फायर एक्स्टिंग्विशर, लावलेलं होतं. हे दोन किलोचं लाल नळकांडं प्रत्येक गाडीत हवं अशी खाणीच्या क्लबची अट होती, म्हणून मंदारने ते आणून स्वतः बसवलं होतं. बसवलं म्हणजे काय, तर सोबत आलेली प्लॅस्टिकची कमान दोन बारक्या स्क्रूंनी प्लॅस्टिकच्याच अस्तरावर ठोकली होती. मग मनात शंका आली म्हणून वरून सामानाचं इलॅस्टिक, आणि शंका उरली म्हणून इलॅस्टिकवर चिकटपट्टी. आपल्याकडे गाडीच्या टपावर गादी बांधतात त्यातला प्रकार.

“हे कुणी केलं?” अण्णांनी विचारलं.

“मी. का?”

अण्णा वळसा घालून गाडीच्या तोंडाशी आले. पुढे बॉनेटच्या कडेने वरच्या दोन दिव्यांकडे एक वायर गेली होती. त्यांनी तिच्यावर बोट फिरवलं. “आणि ही?”

“तीही मीच. अण्णा, प्लीज. तुम्ही बसा ना आरामात.”

अण्णा आरामात बसले आणि पुढचा तासभर खिडकीतून गाई बघत राहिले.

शनिवार, मारियानबाई

आमचा मुक्काम खाणीच्या दाराला लागूनच, खेरित नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारच्या खोलीत होता. खेरित सत्तरीचा, सहा फूट उंच, पायात लाकडी खडावा. लाकडी खडावा फक्त विमानतळावरच्या दुकानात असतात असं मी समजत होते. त्याला इंग्रजीतले वीसेक शब्द येत होते आणि त्यातले पंधरा ट्रॅक्टरचे भाग होते.

खाणीच्या दारावर तपासणीला मारियानबाई उभ्या होत्या. साठीच्या, रबरी बूट, गळ्यात शिट्टी, हातात यादी. टायर पाहिले, पट्टे ओढून पाहिले, मग त्यांनी आगविझवं कुठे आहे ते विचारलं. मंदारने अभिमानाने मागचं दार उघडलं. बाईंनी नळकांडं एका हाताने धरलं आणि गदागदा हलवलं. सगळं हातात आलं. कमान आली, इलॅस्टिक आलं, चिकटपट्टी आली आणि सोबत तळहाताएवढा अस्तराचा तुकडाही आला.

आपल्याकडे अशा वेळी माणूस म्हणतो, “असू दे, असू दे, होतं असं.” डच माणसाला ही सोय ठाऊक नाही. बाई स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, “गाडी उलटली तर हे आतल्या आत उडेल. आग लागायच्या आधीच तुमचं डोकं फुटेल. आणि गाडी सरळ राहिली, तर आगीत जळत तुम्ही मागे चढून सामान काढत बसणार का?”

“पण ते पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे—” मंदारने सुरुवात केली.

“ती सूचना घरात लावण्यासाठी आहे,” बाई म्हणाल्या. “धातूवर बसवा, पट्टा लावलेल्या माणसाच्या हाताला येईल असं. संध्याकाळी सहापर्यंत मी इथे आहे. नाहीतर उद्या गाडी आत जाणार नाही.” आणि अस्तराचा तुकडा त्यांनी अगदी सभ्यपणे मंदारच्या हातात ठेवला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आमच्याकडे कुणी मोठ्याने म्हणालं नाही. अण्णांनी विचारलं, “काय म्हणाली बाई?” मी सगळं मराठीत सांगितलं. अण्णांनी मान डोलावली. “बरोबर बोलली.” सहा आठवड्यांत त्यांनी या देशातल्या माणसाचं केलेलं हे पहिलं कौतुक.

मंदार म्हणाला, चला, परत जाऊ. मला तर रडूच येईल असं वाटलं, कारण परत जायचं म्हणजे थेट सोमवारचा फोन. तेवढ्यात अण्णा जीपमधून उतरले, कुंपणाशी गंमत बघत असलेल्या खेरितच्या समोर जाऊन उभे राहिले आणि दोन बोटं हवेत फिरवून पाना आवळायची खूण केली. खेरितने त्यांच्याकडे पाहिलं, मंदारच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, आणि खडावा खडखडवत गोठ्यामागच्या शेडचं दार उघडलं. आत काय नव्हतं? भिंतभर पाने, डबेच्या डबे नटबोल्ट. अण्णा उंबऱ्यावर थांबले आणि सवयीने पायातले बूट काढायला वाकले. मीच त्यांना थांबवलं.

पुढचे चार तास मी एका उलट्या बादलीवर बसून पाहिले. अण्णा मराठीत बोलत होते, खेरित त्याच्या गावच्या डचमध्ये, आणि कुणाचंच काही अडत नव्हतं. आधी अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर बसले, पट्टा लावला, डोळे मिटले आणि हात खाली सोडला. हात जिथे पडला तिथे खेरितने खडूने खूण केली. मग मला बाजूच्या सीटवर बसवून तेच. दोन्ही खुणांच्या मध्ये, दोन सीटच्या मधल्या पत्र्यावर जागा ठरली.

मंदार ड्रिल घेऊन पुढे सरसावला. अण्णांनी त्याचा हात धरला. “खाली काय हाय बघितलंस का?”

“खाली? खाली जमीन आहे.”

अण्णा एक पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरले. आतून आवाज आला, “ये हिकडं. झोप.” माझा एम.टेक. नवरा चिखलात बापाशेजारी उताणा झाला. खूण केलेल्या जागेच्या बरोबर खाली, बोटभर अंतरावर डिझेलची नळी गेली होती. आग विझवायचं यंत्र बसवताना आम्ही डिझेलच्या नळीलाच भोक पाडणार होतो. मंदार बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. खूण चार बोटं सरकली.

खेरितने लोखंडी पट्ट्यांची एक जाड चौकट शोधून काढली, तिला वरून झटक्यात उघडणारा खटका होता. नुसत्या पत्र्यावर बोल्ट मारला तर धक्क्याने पत्रा फाटतो म्हणून खालून पोलादी पट्टी दिली. आपोआप सैल न होणारे नट लावले. नळकांडं वाजू नये म्हणून मध्ये रबर हवं होतं, तर अण्णांनी जुनी सायकलची ट्यूब कापून गुंडाळली. हॉलंडात सायकलची जुनी ट्यूब न मिळणं अशक्यच. मंदार एका कागदावर गाडी उलटल्यावर बोल्टवर किती जोर येईल याचं गणित मांडत होता. अण्णांनी ते बराच वेळ चालू दिलं, मग म्हणाले, “झालं असंल तर खालनं पाना धर.” मंदारने कागद खिशात घातला आणि परत गाडीखाली गेला. बाप वरून आवळत होता, लेक खालून धरून होता. मी मंदारला इतका गप्प आणि इतका खूश कधी पाहिला नव्हता.

पावणेसहाला मारियानबाईंनी नळकांडं धरून हलवलं. जीप हलली. नळकांडं हललं नाही. त्यांनी दोन्ही हात लावले, एक पाय दारात रोवला, आणि मग परवानगीचा हिरवा कागद काचेवर चिकटवला.

रात्रीच्या जेवणात खेरितने वाटाण्याचं घट्ट सूप आणलं, त्यात डुकराचं मांस तरंगत होतं. अण्णांनी हात जोडले. मग उकडलेले बटाटे, शेंगदाणे आणि ताक आलं. ताक इथे दुकानात चक्क पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळतं. खेरितला वाटलं पाहुण्याचं पोट बिघडलंय. त्याने काळजीने एक कडू औषधी दारू पुढे केली, तीही परत गेली.

रविवार, खंडेनवमी

आता माझी पाळी. त्या वर्षी खंडेनवमी रविवारी आली होती. डेपोत त्या दिवशी अण्णांचे सगळे पाने एका ओळीत मांडून त्यांची पूजा व्हायची, हे मी शंभरदा ऐकलं होतं. म्हटलं, आज आपण करू. खेरितच्या कुंपणाला झेंडू फुललेला होता. त्याची परवानगी घेऊन तोडला, हार ओवला. जीपला कुंकू लावलं, शेडमधल्या पान्यांना लावलं. खेरितने आपली खडाव पुढे केली, तिलाही लावलं. आणि या सगळ्या सोहळ्याचा खरा मानकरी, म्हणजे ते नळकांडं. त्याला कुंकू, त्याच्या गळ्यात हार, आणि हार घसरू नये म्हणून बेस्टहून आणलेला लाल-पिवळा दोरा. देवाचं काम, हात का आखडायचा? सात वेढे घेतले, मानेभोवती, मुठीभोवती, तिथे एक कडी होती तिच्यातून, आणि वर पक्की निरगाठ मारली. अण्णांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

दहा वाजता आम्ही खाणीत उतरलो. मंदार गाडी चालवत होता, अण्णा शेजारी, मी मागे. पहिली दोन टेकाडं चढलो, अण्णा चक्क हसत होते. तिसऱ्या टेकाडाच्या माथ्यावर गाडी आदळली आणि बॉनेटच्या फटीतून धूर आला. आधी वाटलं धूळ. मग पिवळी जीभ दिसली. मंदारने दिव्यांना जोडलेली ती वायर घासून सोलली गेली होती.

“उतर! बंद कर आणि उतर!” अण्णा ओरडले. मंदारने इंजिन बंद केलं आणि हात खाली टाकला. खटका उघडला, नळकांडं एका सेकंदात त्याच्या हातात आलं. त्या चार तासांचं सार्थक झालं. मग त्याने पिन ओढली.

पिन येईना. परत ओढली. झेंडूच्या पाकळ्या उडाल्या, पण पिन येईना. मी तिच्या कडीतून सात वेळा दोरा घेतला होता. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात; इथे देवाच्याच दोऱ्याने आम्हाला बांधून ठेवलं होतं. मंदार दाताने गाठ सोडायला लागला. ज्वाळा वीतभर झाल्या होत्या. माझ्या तोंडातून फक्त “सॉरी, सॉरी” येत होतं, तेही इंग्रजीत.

अण्णांनी चंची काढली. माझ्या मनात आलं, हे काय सुपारीचं वेड! त्यांनी अडकित्ता उघडला, पात्यात दोऱ्याचे सगळे वेढे धरले आणि दाबला. कच्च. मंदारने पिन उपसली आणि बॉनेट उघडायला धावला. “सगळं उघडू नको! वारा लागंल! फटीतनं मार!” अण्णा ओरडले. मंदारने बोटभर फट केली आणि आत पांढऱ्या भुकटीचा लोट सोडला. आग गेली. आम्ही तिघंही डोक्यापासून पायापर्यंत दळण दळणाऱ्या गिरणीवाल्यासारखे दिसत होतो.

अण्णांनी आधी बॅटरीची वायर काढून टाकली, मग माझ्याकडे पाहिलं. आता बोलणी बसणार, म्हणून मी डोळे मिटले. ते म्हणाले, “माझीबी चूक हाय. मी नळकांड्याचं सगळं तपासलं, दोरा न्हाई तपासला. देवाला कोण तपासतंय?”

मारियानबाई दुसरं नळकांडं घेऊन धावत वर आल्या, त्यांच्यामागे खेरित. आग विझलेली पाहून बाई थांबल्या, वाकल्या, वाळूतला कापलेला दोरा आणि हार उचलून त्यांनी हे काय म्हणून विचारलं. मी खाली मान घालून सांगितलं की आम्ही वर्षातून एकदा आपल्या यंत्रांची पूजा करतो, त्यांनी साथ द्यावी म्हणून. बाईंनी हारावरची भुकटी झटकली. “आम्हीही याच्याकडे वर्षातून एकदा नीट बघतो,” त्या म्हणाल्या. “फक्त पिन मोकळी ठेवतो.”

मग त्यांनी दारातून आत वाकून रिकामी चौकट हलवली. हलली नाही. त्यांनी हे कुणी बसवलं ते विचारलं. मी अण्णांकडे आणि खेरितकडे बोट दाखवलं. बाईंनी गळ्यातली शिट्टी काढली, अण्णांच्या गळ्यात घातली आणि म्हणाल्या, दुपारी सत्तावीस गाड्या यायच्या आहेत, मला यांची मदत हवी.

दुपारभर अण्णा आणि खेरित दारावर उभे होते. गाडी आली की अण्णा आत वाकायचे, नळकांडं धरून हलवायचे. हललं तर मान हलवायचे आणि खेरितच्या शेडकडे बोट करायचे. एका तरुण डच गड्याने हुज्जत घातली. अण्णांनी दोन बोटांनी त्याचं नळकांडं काढून त्याच्या हातात दिलं आणि शिट्टी वाजवली. एकूण सहा गाड्या परत धाडल्या. मंदार शेडमध्ये पुठ्ठ्यावर उताणा पडून खालून पाना धरत होता.

परत येताना खेरितने जीप ओढगाडीवर चढवून आपल्या गाडीमागे बेस्टपर्यंत आणली. त्याच्या गाडीत अण्णा पुढे त्याच्याशेजारी बसले होते, आम्ही मागच्या सीटवर. नायमेखनचा पूल आल्यावर त्यांनी न वळता विचारलं, “मंद्या, उद्या त्या तिकिटाचा फोन करणार हायस?”

मंदारने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही म्हणालात म्हणून…”

“राहू दे. शनिवारी याचा ट्रॅक्टर उघडायचाय. आणि तुझी ती वायर मला बघायची हाय. आता आराम कर म्हणू नको.”

“नाही म्हणत,” मंदार म्हणाला. मी खिडकीबाहेर तोंड करून रडून घेतलं. डोळ्यातून भुकटी निघत होती, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

अण्णा ठरल्या दिवशी, नोव्हेंबरात कराडला परतले. मधल्या प्रत्येक शनिवारी खेरित त्यांना न्यायला यायचा. जायच्या आदल्या दिवशी ते दुपारभर जीपमध्ये एकटेच काहीतरी ठोकत बसले होते. विमानतळावर मी विचारलं, “अण्णा, अडकित्ता मोठ्या बॅगेत टाकलात ना? हातातल्या बॅगेत चालत नाही.” ते नुसतं हसले.

घरी येऊन मी जीप उघडली. नवीन नळकांडं जागेवर होतं, पिन मोकळी होती. त्याच्या शेजारी, पट्टा लावून बसल्यावर हात जिथे पडतो तिथेच, एका छोट्या लोखंडी चिमट्यात अण्णांचा अडकित्ता बसवलेला होता. खालून पट्टी दिलेली, वर सैल न होणारा नट. मी चिमट्याला धरून गदागदा हलवून पाहिलं. हलला नाही.